झांकीची शेड

आधी कचोरी आली, मग समिती. शहराच्या सौंदर्याचा विचार रिकाम्या पोटी होत नाही.

बंद पडलेल्या मिलच्या जागेवर बाजार-संकुल उठणार होतं. त्याचं थर्माकोलचं मॉडेल टेबलावर मांडून चिंतामण उभा होता. मिल चालू असताना तो तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात होता. आता ती जागा घेणाऱ्या बिल्डरच्या आर्किटेक्टकडे. काम तेच. पूर्वी मिल दुरुस्त करायचे नकाशे काढायचा, आता पाडायचे. देशाने नुकतीच प्रगती करायला घेतली होती, त्यात हे बसत होतं.

आर्किटेक्ट हृषीकेश वयाने निम्मा, टाय मात्र पूर्ण लांबीचा. बाहेर तो कानाशी पुटपुटला होता, "काका, तुम्हीच बोला. पण त्या शेडचं जास्त खींचू नका, भिया. सभागृह म्हणायचं आणि पुढे."

शेड म्हणजे मागच्या कोपऱ्यातलं पत्र्याचं छप्पर. अनंत चतुर्दशीला इंदूरच्या मिल्सच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, रात्रभर रस्त्यांतून निघतात. चिंतामणच्या मिलची झांकी त्या छपराखाली तयार व्हायची. मिल बंद पडली, पगार बुडाले, तरी कामगार वर्गणी काढून तिथेच देव, राक्षस आणि दिव्यांची फिरती चाकं जोडत राहिले. माणसं अशी अव्यवहारी असतात म्हणूनच मिल्स बंद पडतात, असं हृषीकेशचं मत होतं. चिंतामणने नव्या संकुलात ती शेड 'सांस्कृतिक सभागृह' असं बारसं करून घुसवली होती.

अध्यक्षा कुमुदिनीबाई. त्यांचे आजोबा संस्थानात कारभारी होते. तेवढ्या पुण्याईवर शहरातल्या कुठल्याही इमारतीबद्दल त्यांचं मत घेतलं जाई, आणि त्या देतही.

चिंतामणने बटण दाबलं. दुकानांत दिवे लागले, जिना सरकला, शोभेपुरत्या ठेवलेल्या मिलच्या चिमणीच्या टोकाला लाल बल्ब लुकलुकला.

"अगंबाई! कारंजं पण उडतंय?"

"चंदेरी पन्नी आहे, बाईसाहेब. मागून पंखा."

"क्या बात है!" निवृत्त इंजिनीअर शर्माजींनी रुमालाला बोटं पुसली आणि मॉडेलमधलं नेमकं ते छप्पर उचललं. "ये क्या है?"

"सांस्कृतिक सभागृह."

"और गाड़ियाँ कहाँ जाएँगी?"

चिंतामणने हृषीकेशकडे पाहिलं. हृषीकेश टाय पाहत होता.

"सभागृह नाही ते, साहेब," चिंतामण म्हणाला. "झांकी बनते तिथे. तेवढी जागा सोडा. बाकी सगळं पाडा."

शर्माजींनी छप्पर त्याच्या हातात दिलं आणि रिकाम्या जागी मॉडेलमधल्या दोन मोटारी लावल्या. छान बसल्या. "देखिए, मॅडम."

"बरोबर आहे. पार्किंग हवंच." मग बाईंचा चेहरा कळवळला. "पण झांकी बंद नका हो करू! दरवर्षी आम्ही जेलरोडला नणंदेच्या गच्चीतून बघतो."

"मग बनवायची कुठे?"

"बघा ना कुठेतरी. तुम्ही लोक करताच."

योजना मंजूर झाली. कामगारांचा विसर पडू नये म्हणून समितीने दारात कामगाराचा फायबरचा पुतळा सुचवला. हृषीकेशने लगेच मान डोलावली. मंजुरी मिळत असती तर त्याने हत्तीही उभा केला असता.

"तुम्ही मिलमधलेच ना?" कुमुदिनीबाईंना सुचलं. "मशीनवर कसे उभे राहायचे, दाखवा बरं. शर्माजी, फोटो घ्या. मूर्तिकाराला बरं पडेल."

"मी स्टुलावर बसायचो, बाईसाहेब. नकाशे काढत."

"बसलेला कामगार चांगला नाही दिसत हो. उभेच राहा. उजवा हात असा वर."

हृषीकेशचे डोळे विनवत होते. चिंतामणने चष्मा काढून खिशात ठेवला. उजव्या हातात शेड होती. ती ठेवायला टेबलावर जागा होती, कचोरीच्या बशांशेजारी. त्याने ती डाव्या हातात घेतली, छातीशी धरली आणि उजवा हात वर केला.

"अरे, वो तो हटाइए," कॅमेऱ्यामागून शर्माजी म्हणाले.

"घ्यायचा तर असाच घ्या."

शर्माजींनी कॅमेरा खाली घेतला. चिंतामणचा हात वरच होता. हृषीकेशने वाकून मॉडेलचं बटण बंद केलं.