पालथी पेटी

मी एक जुनी तांब्याची नळी आहे, मित्रांनो, आणि माझे तोंड जन्मतःच बंद केलेले आहे. कारखान्यात माझ्या पोटातली सगळी हवा ओढून काढली, पाण्याचे मोजके थेंब आत सोडले आणि टोक चेपून कायमचे मिटवले. तेव्हापासून माझ्या आत वारा नाही, उजेड नाही.

माझे काम नीट समजून घ्या. संगणकाचा प्रोसेसर विचार करता करता तापतो. माझे एक टोक त्याला टेकलेले असते, दुसरे पंख्यासमोरच्या पातळ पत्र्यांत असते. तापल्या टोकाशी थेंबांची वाफ होते, गार टोकाशी तिचे पुन्हा पाणी होते आणि ते माझ्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून माघारी येते. पाणी नाहीसे होते आणि परतते. मी आयुष्यभर एवढेच अनुभवले.

बारामतीत इंद्रजितच्या फोटो स्टुडिओत मी सात वर्षे लग्नांचे अल्बम पार पाडले. "ही पेटी तापायचं नावच घेत नाही," असे तो गिऱ्हाइकांना सांगे. नवा संगणक आल्यावर त्याने आमची पेटी माळ्यावर टाकली. तिथे माझ्या पत्र्यांत धूळ साचली, अस्तर थकले. अखेर त्याच्याकडे कामाला असलेल्या उत्कर्षाने आम्हाला मागून घेतले आणि डाळजला आपल्या आज्जीच्या घरी आणले.

त्याला कारण होते. त्या उन्हाळ्यात उजनीचे पाणी फार मागे हटले होते आणि धरणात गेलेले जुने गाव चिखलातून वर आले होते. आज्जींना, म्हणजे सरुबाईंना, त्यातली एकच जागा हवी होती. गाव उठले त्याच्या आदल्या वर्षी त्यांची तिसरी मुलगी बारशाआधीच गेली. घरची माणसे तिला नकोशी म्हणत, दुसरे नाव ठेवायला सवड मिळाली नाही. तिला परसात पुरले. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून सरुबाईंनी त्या जागेवर दगडी कुंडी पालथी घातली. पुढे पाणी आले.

आता त्या दोनदा चिखल तुडवून आल्या होत्या, पण जिकडेतिकडे सारखेच दगड. म्हणून उत्कर्षाने स्टुडिओतला ड्रोन आणून वरून दोन हजार फोटो काढले. ते जोडून गावाचा नकाशा करण्याचे काम आमच्या पेटीकडे आले. तेवढ्यात वरच्या धरणांतून पाणी सोडल्याची बातमी आली. सहा दिवसांत सगळे पुन्हा बुडणार होते.

रविवारी उत्कर्षाने पेटीचे झाकण काढले, उघडी बाजू वर करून ती दोन विटांवर आडवी ठेवली आणि काम सुरू केले. "आज्जी, हिला बंद करू नको," एवढे बजावून ती कामावर गेली.

सोमवारी दुपारी लाइट गेली. पंखा थांबला. सरुबाई केरसुणी घेऊन आल्या, पेटीकडे पाहिले आणि दोन्ही हातांनी ती उलटी केली. लाइट आली. पेटी आपोआप सुरू झाली.

मित्रांनो, त्या घटकेपासून माझे तापते टोक वर आणि गार टोक खाली झाले. वाफ उतरली, पाणी झाली आणि खालीच राहिली. माझ्या थकलेल्या अस्तराला ती वर ओढवेना. अर्धी मी जळत होते, अर्धी मी गार पाण्यात बुडालेली होते. शंभर अंशांवर पेटी स्वतःच विझली. मंगळवारी सरुबाईंनी बटण दाबून ती पुन्हा सुरू केली, तरी तेच. बुधवारी तेच. तिन्ही वेळा ती एकाच फोटोवर थांबली: चार भिंतींच्या रेषा, मागे परस, त्यात एक गोल दगड. योगायोग असेल. मला मात्र खालच्या टोकाच्या थंडीत कोणीतरी श्वास रोखून बसल्याचा भास होत होता.

उत्कर्षाचा फोन आला. "आज्जी, पंखा फिरतोय का?"

"फिरतोय की. माज्या पायाला वारं लागतंय."

"मग तापते कशानं? धूळ बसलीय?"

"माज्या घरात धूळ? ये तू, तुजा चष्मा पुसून देते."

गुरुवारी उत्कर्षा स्वतः आली आणि दारातच थबकली.

"ही पालथी कुणी घातली?"

"मी. हितं दुसरं कोण हाय? उघड्या तोंडाचं भांडं उताणं ठिवायचं नसतं. पाल पडंल."

"आज्जी, हिच्या नळीत पाणी हाय. वाफ होऊन वर जातं, थेंब होऊन खाली येतं. पालथी घातली की त्याची वाट बंद होते."

सरुबाईंनी पेटीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "म्हंजी मीच आडवलं तिला."

"पेटीला गं."

"व्हय. पेटीला."

दोघींनी मिळून पेटी पुन्हा उताणी केली. थेंब परतले. शंभरावरून आकडा बासष्टावर आला आणि शुक्रवारी सकाळी नकाशा पुरा झाला. तो मोबाइलवर घेऊन दोघी निघाल्या.

दुपारी त्या ओल्या पावलांनी परतल्या. कुंडी सापडली होती. तिच्यावर वीतभर पाणी चढलेले होते.

"उताणी का केली नाहीस?" उत्कर्षाने विचारले. "दोघींनी मिळून हलली असती."

"झाकलेलं हाय, झाकलेलं ऱ्हाऊ दे. मला निस्तं बारसं करायचं हुतं."

उत्कर्षा चहा करायला आत गेल्यावर सरुबाई माझ्याशेजारी बसल्या. पेटी बंद होती, तरी श्वास रोखून बसलेली ती थंडी माझ्या खालच्या टोकाशी अजून होती. त्या वाकल्या आणि कुंडीवरच्या पाण्यापाशी मुलीला ठेवलेले नाव त्यांनी पुन्हा एकदा, अगदी हळू, माझ्यापाशी घेतले. थंडी गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तूला हात लावण्याआधी तिचे वर काय आणि खाली काय, हे विचारत जा. आमच्या आत काहीतरी परतायची वाट पाहत असते. ते नाव मात्र विचारू नका. माझे तोंड जन्मतःच बंद केलेले आहे.