जसा आहे तसाच माझा फोटो काढा

मी एक म्हातारा गेंडा आहे, आणि मला शिंग नाही. मित्रांनो, हे वाचून 'अरेरे' म्हणणार असाल तर थांबा. मला कीव नको. शिंग नाही म्हणूनच मी ही कहाणी सांगायला उरलो आहे.

दक्षिण आफ्रिकेत, झुलूंच्या मुलखातल्या काटेरी माळावर माझा जन्म झाला. आईच्या पुढे चालायचे आणि तिने मागून शिंगाने हलकेच ढोसले की वळायचे, हे माझे पहिले शिक्षण. आम्हा गेंड्यांना डोळे जेमतेमच. समोरचे झाड आहे की माणूस, हे ते हलले तरच कळते. पण वाऱ्यावरची एकही बातमी आमच्या नाकाकानांतून सुटत नाही. मी सांगतो ते सगळे ऐकलेले आणि हुंगलेले आहे.

वयात आलो तेव्हा या राखीव रानात सगळ्यांत लांब शिंग माझे होते. पर्यटकांच्या गाड्या यायच्या, इंजिन बंद व्हायचे आणि कॅमेऱ्यांचा कटकटाट सुरू व्हायचा, वाळक्या शेंगा वाऱ्यावर वाजाव्यात तसा. "काय ऐट आहे बघा!" असे कोणीतरी म्हणायचेच. मीही मान उचलून उभा राहायचो. मला ते आवडायचे.

मग ओढ्याकाठी चोरट्या शिकाऱ्यांनी आईला मारले. शिंगासाठी. तुमची नखे ज्या पदार्थाची बनतात, त्याच पदार्थाचे आमचे शिंग असते. नखांसाठी कोणी कोणाचा जीव घेतल्याचे तुम्ही ऐकले आहे का?

त्याच हिवाळ्यात आकाशातून घरघर आली. मांडीत काहीतरी टोचले, पाय लटपटले. कोणीतरी डोळ्यांवर फडके टाकले, कानांत बोळे घातले. जाग आली तेव्हा नाकावरचे ओझे गेले होते. दुखले नाही. शिंग हळूहळू वाढते, रानाचे रक्षक येऊन ते पुन्हा कापतात. रानाच्या फाटकावर पाटी लागली: 'इथल्या गेंड्यांना शिंगे नाहीत.' ती पर्यटकांसाठी नव्हती, चोरांसाठी होती. आत शिरण्याचे कष्ट घेऊ नका, असे ती त्यांना सांगत होती. मीसुद्धा माझ्या हद्दीवर शेणाच्या राशी घालतो. त्याही पाट्याच. त्या मी कधी खोट्या लिहिल्या नाहीत.

आता गाड्या यायच्या, पण इंजिन बंद होईना.

"हा गेंडा की पाणघोडा?"

"पुढे घ्या हो, सिंह कुठे आहेत?"

गाडी थेंबेकाची. ती गाडीही चालवते आणि पाहुण्यांना रानही दाखवते. बॉनेटच्या पुढे जोडलेल्या खुर्चीवर म्बोंगेनी बाबा बसतात, पावलांचे माग काढत. पाहुण्यांना कळू नये म्हणून बाबा झुलूत पुटपुटायचे, "ह्याच्या नाकावर शिंग नाही म्हणे! स्वतःच्या टाळूवर केस आहेत का, बघ एकदा."

"बाबा, पाहुणे आहेत. गप्प बसा," थेंबेका हसू दाबत म्हणायची.

मी मात्र निश्चय केला. गाडी आली की तिच्याकडे पाठ फिरवायची. शेपूट बघा आणि जा.

मग जोहान्सबर्गहून डिऑन आला. त्याचे फोटो गाजतात असे ऐकले. मी डबक्यात लोळत असताना त्याने माझा फोटो काढला, सुस्कारा सोडला आणि गेला. पुढे काय झाले ते मला एका पहाटे वाऱ्याने सांगितले. अनोळखी घाम आणि बंदुकीचे तेल. मी झुडपात शिरून दगडासारखा उभा राहिलो. तेवढ्यात रक्षकांचे कुत्रे भुंकले आणि ती पावले पळाली.

त्याच सकाळी थेंबेकाची गाडी डबक्याशी आली. आज पाहुणा एकटा डिऑन होता. मी सवयीने पाठ फिरवली. इंजिन बंद झाले.

"तुमच्या फोटोत ह्याला शिंग आहे, डिऑन," थेंबेका म्हणाली.

"कॉम्प्युटरवर लावलं. ह्याच्याच जुन्या फोटोतलं. काय रुबाबदार दिसतो! लोक वेडे झालेत."

"आणि खाली आमच्या रानाचं नाव घातलंत."

"अगं, तुमचीच जाहिरात केली की!"

"फाटकावरची पाटी तुम्ही खोटी पाडलीत. आज पहाटे कुंपण कापलं. ह्याच्या मागावर माणसं इथवर आली होती. बाबांनी त्यांचे ठसे बघितलेत."



"मी तो फोटो काढून टाकतो. आत्ताच."

"काढून काय होणार? तो कधीच जगभर फिरलाय. आता खरा काढा. आणि खाली लिहा, आधीचा खोटा होता म्हणून."

"थेंबेका, माझं नाव जाईल!"

"नाव जाईल. ह्याचा जीव जाईल. बोला, कुठलं चालेल?"

मित्रांनो, तेव्हा मी वळलो. चिखलातून बाहेर आलो आणि सरळ गाडीकडे चालू लागलो. पळायचे नव्हते, धडकही द्यायची नव्हती. डिझेलचा वास नाकात भरेपर्यंत गेलो आणि करवतीने कापलेल्या शिंगाचा बुंधा वर करून उभा राहिलो. बघायचे आहे ना? बघा.

"डिऑनसाहेब," बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "जरा लवकर काढा. तुम्ही मागे बसलाय. त्याला आधी मी भेटणार आहे."

कट. एकच आवाज झाला.

"नाव काय ह्याचं?" डिऑनने हळूच विचारले.

"म्खुलू," बाबा म्हणाले. "आजोबा."

डिऑनने खरे लिहिले. त्याला पुष्कळ बोलणी बसली, असे थेंबेका पाहुण्यांना सांगते. आता फाटकावरच्या पाटीवर माझा तोच फोटो आहे, थेट समोरून, चिखलासकट. कुंपण त्यानंतर कापलेले नाही. उद्याचे मी सांगू शकत नाही.

तेव्हा मित्रांनो, रानात याल तेव्हा माझ्याकडे शिंग मागू नका. चित्रातसुद्धा मागू नका. मी अपुरा नाही. माझ्या नाकावर पुन्हा खाज सुटली आहे, म्हणजे शिंग वाढू लागले आहे. वाढू दे. थेंबेका, माणसे घेऊन ये. आधी करवत, मग कॅमेरा. मी इथेच उभा आहे.