सावलीच्या खांबावर छप्पर

छप्पर घालायचं ठरलं त्या बैठकीला मी हजर होते आणि बोललेही होते. इतिवृत्तात मात्र माझं बोलणं आलं नाही.

म्हैसूरच्या नजरबाद भागातल्या एका लहान उद्यानात सार्वजनिक शिल्प उभारायचा ठराव त्याच्या दीड वर्ष आधी झाला होता. मी फिजिक्समध्ये एमएस्सी केलेली, महापालिकेच्या कार्यालयात कंत्राटी तांत्रिक सहायक होते. आलेल्या आराखड्यांची मापं तपासणं हे माझं काम. सतरा आराखडे आले, त्यांतल्या अकरांत हत्ती होता. निवड झाली येसाजीरावांच्या सावलीच्या खांबाची.

येसाजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते. ते स्वतः हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते आणि दगडाचं काम त्यांनी हौसेनं शिकून घेतलं होतं. त्यांचा आराखडा साधा होता. मध्ये दोन मीटर उंचीचा काळ्या दगडाचा खांब, भोवती फरशीत कोरलेल्या महिन्यांच्या रेषा. भर दुपारी खांबाच्या सावलीचं टोक त्या त्या महिन्याच्या रेषेला टेकणार. म्हैसूर विषुववृत्तापासून फार लांब नाही. एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. म्हणून काही रेषा खांबाच्या एका बाजूला, काही दुसऱ्या बाजूला. वर्षातून दोनच दुपारी, एकदा एप्रिलच्या बावीस तारखेला आणि एकदा ऑगस्टमध्ये, सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या क्षणी खांबाला सावली नसणार.

रेषांचं गणित मी केलं. येसाजीरावांनी ते वाचलं नाही. ते वर्षभर दर आठवड्याला उद्यानात काठी उभी करून खडूनं खुणा करत होते. शेवटी दोन्ही ताडून पाहिलं तर फरक चार मिलिमीटरचा. फक्त मार्चच्या रेषेत जास्त होता, आणि तिथे त्यांचंच बरोबर निघालं. फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी दिलेला उतार मी धरलाच नव्हता.

खांब उभा राहिला, रेषा कोरून झाल्या, आणि मग वॉर्डाच्या नगरसेवकांनी पाहणी केली. दगड उन्हापावसात खराब होईल, उद्घाटनाला पाहुणे उभे कुठे राहतील, असं ते म्हणाले. वर पत्र्याचं छप्पर हवं आणि त्याच्या पुढच्या बाजूला नगरसेवकांच्या नावाची पट्टी. छप्पर घातलं तर सावली पडणार नाही, असं मी बैठकीत सांगितलं. ते म्हणाले, छप्पर घातलं की सावलीच सावली. सगळे हसले. विनोद बरा होता, क्षणभर मलाही हसू आलं.

येसाजीरावांनी आमचे अभियंता जयतीर्थसर यांच्याकडे जाऊन आपलं नाव या कामावरून काढायला सांगितलं. जयतीर्थसरांनी शांतपणे सांगितलं की पट्टीवर त्यांचं नाव मुळात नाहीच.

एप्रिलच्या मध्यात छप्पर बसलं. आता राहिला होता महजर. महाराष्ट्रात ज्याला पंचनामा म्हणतात त्याला आमच्याकडे महजर म्हणतात. जागेवर जाऊन काम मंजूर आराखड्याप्रमाणे झाल्याचं लिहायचं, हजर असलेल्यांच्या सह्या घ्यायच्या. तो झाल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय उद्घाटन नाही. लिहायचा होता मी. माझं कंत्राट तीस एप्रिलला संपत होतं आणि मुदतवाढीची शिफारस जयतीर्थसरांच्या हातात होती.

दिवस त्यांनीच ठरवला, बावीस एप्रिल, दुपारी बारा. मला तो योगायोग वाटला.

बारा वाजून बावीस मिनिटांनी सरांनी मंजूर आराखडा उघडला आणि मोठ्यानं वाचलं, "बावीस एप्रिल रोजी बारा वाजून बावीस मिनिटांनी स्तंभाला सावली नसेल." मग छपराखालच्या खांबाकडे बोट केलं. "आहे सावली?"

"नाही."

"मग आराखड्याप्रमाणेच झालं की. लिही, अम्मा, आणि सही कर."

युक्ती अचूक होती. त्या वाक्यात एक शब्दही खोटा नव्हता. मी कागद मांडीवर घेतला, तारीख लिहिली, वेळ लिहिली आणि थांबले. खांबाला सावली नव्हती हे खरं. पण ती सूर्यामुळे नव्हती की पत्र्यामुळे, हे नुसतं बघून सांगता येत नव्हतं.

येसाजीराव बाकावर बसले होते. ते उठले, छपराबाहेर उन्हात गेले आणि आपली चालायची काठी दोन फरश्यांमधल्या फटीत रोवली. खिशातून ओळंबा काढून ती सरळ उभी आहे ना ते दोन बाजूंनी पाहिलं.

"हिलापण सावली नाही," जयतीर्थसर खूश होऊन म्हणाले.

"नाही," येसाजीराव म्हणाले. "थोडं थांबू या, सर."

फाटकाशी मोगरा विकणाऱ्या विशालाक्षम्मा काय चाललंय ते बघायला आत आल्या. त्यांच्या मागून स्टँडवरचे रिक्षावाले आले. सरांनी घड्याळ पाहिलं, जेवणाची वेळ झाल्याचं सांगितलं, आणि या उन्हात किती वेळ उभं करणार असं विचारलं.

"सर, तुम्ही छपराखाली आहात," येसाजीराव म्हणाले. "तुम्हाला कसलं ऊन?"

रिक्षावाले हसले. सर हसले नाहीत, पण गेलेही नाहीत. ते गेले असते तर महजर त्यांच्या गैरहजेरीत झाला असता.

बारा चाळीसला काठीच्या पूर्वेला सावली होती. मी मोजली, सहा सेंटिमीटर. खांबापाशी काहीच नव्हतं. विशालाक्षम्मांनी आधी काठीकडे पाहिलं, मग खांबाकडे, मग वर पत्र्याकडे, आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "काठीची सावली निघाली. दगडाची का निघत नाही?" महजरात साक्षीदाराचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहायचं असतं. मी तो प्रश्न जसाच्या तसा लिहिला.

जयतीर्थसरांनी मला बाजूला बोलावलं. कार्यालयात ते माझ्याशी कन्नड बोलत. आता आवाज उतरवून घरच्या मराठीत बोलले.

"तीस तारखेला काय आहे ते माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे, सर."

"मग सुम्ने, उगाच का हट्ट करतेस? एक ओळ लिहायची आहे. ती खोटीपण नाही."

"खोटी नाही, अर्धी आहे," मी म्हटलं. "मी बारा बावीसचं लिहिलं आहे. आता बारा चाळीसचं लिहिते."

"एका दगडासाठी?"

मी परत येऊन लिहायला बसले. छपराबाहेरच्या काठीला सावली आहे, छपराखालच्या खांबाला नाही, छपरामुळे सावलीचं टोक रेषांवर पडू शकत नाही, काम मंजूर आराखड्याप्रमाणे नाही. चौदा जणांनी सह्या केल्या. जयतीर्थसरांनी केली नाही. येसाजीरावांनी सहीच्या वर लिहिलं, "हे काम अपुरं आहे. शिल्पकार." शिल्पकार हा शब्द त्यांनी रेषा कोरताना लागतो तेवढा वेळ घेऊन लिहिला.

सर म्हणाले, कागद माझ्याकडे दे, मी बघतो. मी हो म्हटलं. पण आधी टपाल विभागात गेले, आवक नोंद करून घेतली, शिक्का आणि क्रमांक घेतला. मग तो त्यांच्या टेबलावर ठेवला. क्रमांक पडलेला कागद बदलता येत नाही, त्यावर उत्तरच द्यावं लागतं.

माझी मुदतवाढ झाली नाही. आता मी एका कॉलेजात प्रयोगशाळेचं काम बघते. उद्घाटनही झालं नाही, कारण दाखल्यासाठी महजर हवा आणि क्रमांक असलेला महजर एकच होता. दुसरा लिहायला माझ्या जागी आलेल्या मुलाला सांगितलं, तेव्हा त्यानं पहिला वाचला आणि हा आधी निकाली काढा अशी टिपणी फाइलवर लिहिली. आम्ही दोघं अजून एकमेकांना भेटलेलो नाही.

जूनमध्ये पत्रे उतरवले. फाइलवर कारण दुरुस्तीचं आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि येसाजीराव गेलो. ढग हटायला पंचवीस मिनिटं लागली, तोवर नेमकी वेळ टळून गेली होती. तिसऱ्या दिवशी ऊन मिळालं. खांबाची सावली दक्षिणेला पडली आणि तिचं टोक जूनच्या रेषेला टेकलं. येसाजीराव वाकून बघत राहिले. मला म्हणाले, फोटो काढू नकोस, माप घे.

सांगाडा मात्र तसाच आहे, आणि पुढची नावाची पट्टीही. ती दक्षिणेला आहे, चार मीटर उंचीवर. मी हिशोब केला. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला उतरला की पट्टीची सावली नेमकी डिसेंबरच्या रेषेवर पडणार आणि खांबाच्या सावलीचं टोक तिच्यात बुडून जाणार. मी अर्ज दिला. त्याचं उत्तर आलं की ही बाब किरकोळ आहे.

महजर लिहायचा अधिकार आता मला नाही. पण मोजायला आणि सह्या घेऊन टपालात नोंदवायला अधिकार लागत नाही. एकवीस डिसेंबर ठरला आहे. येसाजीराव काठी आणि ओळंबा आणणार आहेत. काल विशालाक्षम्मांनी मोगरा बांधता बांधता विचारलं, या वेळी किती वाजता. बारा एकवीस, मी सांगितलं. रिक्षा स्टँडवर त्या सांगून ठेवतील.