नळ बिघडला नव्हता

मित्रांनो, मी बाथरूममधला एक जुना नळ आहे. जन्मापासून मान खाली घालून उभा आहे, म्हणून मला नम्र समजू नका. मला ओतलंच तसं आहे. आता फार दमलोय. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती सांगतो आणि गप्प बसतो.

वितळलेलं पितळ साच्यात ओतून मला घडवलं, वर चकचकीत मुलामा चढवला. दुकानात मी असा काही मिरवायचो की शेजारच्या बादल्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मग प्लंबरकाकांनी मला या घरात बसवलं आणि म्हणाले, हा नळ तुम्हाला दगा देणार नाही. ते वाक्य मी आजवर उराशी धरून आहे.

काम इमानेइतबारे केलं. आजींचे पाय, बाबांचे चिखलाचे बूट, सगळं धुतलं. घरातल्या मुलीची पहिली अंघोळ माझ्याच पाण्याने झाली. तिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण ती झोपेपर्यंत बंद होत नाही. हळूहळू माझा मुलामा उडाला, तोंडाभोवती पांढरा थर चढला. त्याकडे कोण बघतं? फक्त रेडिओची आई दर रविवारी जुन्या टूथब्रशने मला घासायची आणि घासताना गुणगुणायची.

ती दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घेते. घाबरलेल्या लोकांना दिवसभर हसून सांगते, जरासुद्धा दुखणार नाही. घरी आल्यावरही तेच हसू. पण गेल्या वर्षी कधीतरी तिचं गुणगुणणं थांबलं. मग घासणंही. संध्याकाळी सहाला ती यायची, कडी लावायची, मला पूर्ण उघडायची आणि स्टुलावर बसून टॉवेलात तोंड खुपसून रडायची. बादली भरून वाहायची, तरी रडायची. मग तोंड धुऊन बाहेर. "आले हं, चहा टाकते."

माझ्या आवाजाखाली तिचा आवाज झाकला जायचा. एकदा ती पुटपुटली, "मी नसले तर सगळ्यांचंच बरं होईल." हे ऐकणारा मी एकटा. मित्रांनो, मला तोंड आहे, पण त्यातून पाण्याशिवाय काही बाहेर येत नाही. त्या दिवसापासून मला वाहण्याचा कंटाळा आला.

बाहेर मात्र माझ्यावरच खटला चालू होता. गच्चीवरची सगळ्यांची टाकी रोज रिकामी व्हायची. खालच्या मजल्यावरचे शेजारी जिना चढून भांडायला यायचे. आजी म्हणायच्या नळ गळतोय, बाबा म्हणायचे वॉशर गेला. प्लंबरकाकांना तीनदा बोलावलं. तीनदा माझं डोकं उघडलं आणि चांगला वॉशर काढून नवा घातला. शेवटी काका वैतागले. "नळाला काही झालेलं नाही. नळ आपण होऊन उघडत नाही." पण जाता जाता एक तोडगा सांगून गेले: बाहेरचा कॉक बंद ठेवा, लागेल तेव्हाच उघडा. बाबांना तेवढा तोडगाच ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सहाला ती आली. कडी लावली, स्टुलावर बसली, मला उघडलं. मी नुसता घुरघुरलो, दोन थेंब टाकले आणि संपलो. तिने पुन्हा पिळलं. काही नाही. पण रडू आधीच फुटलं होतं, आणि ते कुठल्या कॉकने बंद होणारं नव्हतं. ते दाराबाहेर गेलं, स्वयंपाकघरात गेलं, घरभर गेलं.

आधी आजींची हाक आली. मग पळत आलेली पावलं.

"आई, कडी काढ," रेडिओ म्हणाली. "कोणी रागावणार नाहीये."

बऱ्याच वेळाने कडी निघाली. रेडिओ आत येऊन गार फरशीवर बसली.

"खूप दुखतंय गं," आई म्हणाली.

"कुठे?"

"तेच तर कळत नाही."

एरवी या मुलीला शब्द थोपवता येत नाहीत. त्या दिवशी तिने एकच प्रश्न विचारला. "आई, तुला मरून जावंसं वाटतं का?"

दारात उभे असलेले बाबा चपापले. हे काय विचारतेस, असं त्यांच्या ओठावर आलं होतं. पण आईने ओझं उतरवल्यासारखा श्वास सोडला. "हो. बरेच दिवस झाले."

आजींनी आत येऊन तिचा हात धरला. "आणि मी तुला पाण्यावरून बोलत होते."

त्या संध्याकाळपासून तिला कोणी एकटं सोडलं नाही. सकाळी बाबा रजा टाकून तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले म्हणे, हा आजार आहे, हिचा दोष नाही. आणि मुलीने विचारलं ते बरोबर केलं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला बोलायला जाणं सुरू झालं. महिन्याभरात सगळं छान झालं असं मात्र मी सांगणार नाही. काही संध्याकाळी ती अजून स्टुलावर येऊन बसते. पण आता कडी लावत नाही. आजी बाहेर खुर्ची टाकून भाजी निवडत बसतात. भाजी संपली तरी बसतात.

मित्रांनो, मी आयुष्यभर इमानाने वाहिलो, आणि माझ्या हातून एकच मोठं काम झालं, ते मी कोरडा पडलो तेव्हा. नळासाठी माणूस तीनदा बोलावला. तिला मात्र कोणी एकदाही विचारलं नव्हतं. म्हणून सांगतो, घरात पाणी उगाच वाहत असेल तर आधी दार वाजवा. सरळ विचारा, ऐकून घ्या, आणि ते ओझं एकट्याने उचलू नका. मोठ्यांना सांगा, डॉक्टरांकडे न्या. आणि आत तुम्हीच बसला असाल तर मला बंद करा. आवाज बाहेर जाऊ दे.

काल रविवार होता. ती जुना टूथब्रश घेऊन आली. माझ्या तोंडावरचा थर निम्माच निघाला आणि ती दमली. टूथब्रश माझ्या मानेवर ठेवून म्हणाली, "राहिलेलं पुढच्या रविवारी."