लांबचं बटण

मी बोलतोय, चौगुल्यांच्या पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर. ती बातमी आली तो मंगळवार अगदी रोजच्यासारखा होता. कृष्णातनं सकाळी मला सुरू केलं, शालूबाईंच्या लेकीची लग्नपत्रिका अर्धी जुळवली आणि दुसऱ्या एका पत्रिकेचा नमुना दाखवायला तो इचलकरंजीला गेला. जाताना मला बंद केलं नाही. "येतोच," एवढंच स्वयंपाकघराकडं बघून म्हणाला.

दुपारी फोन वाजला तेव्हा त्याची बायको संयोगिता भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच तिनं फोन घेतला. पलीकडं तिचा धाकटा दीर आकाराम होता. तो इचलकरंजीतच राहतो. स्टँडवर उतरताच कृष्णातच्या छातीत कळ आली होती, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. संयोगिता त्याच्या खुर्चीत बसली. ती अर्धी पत्रिका माझ्या पडद्यावर उघडीच होती. थोड्या वेळानं मी पडदा काळा केला. कुणी हात लावला नाही की तसं करायचं, हे त्यानंच मला सांगून ठेवलं होतं.

शाहूपुरीतल्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले. तिथून आलो तेव्हा मी बाकीच्या सगळ्यांसारखाच होतो. पडद्यावर कुठला तरी परका डोंगर, खाली आडवी पट्टी. नव्या घरात गेल्यावर माणूस आधी आपल्या सोयीचे खिळे ठोकतो, तसा कृष्णात माझ्यात बदल करत बसला. तो डावखुरा. पहिल्यांदा त्यानं माऊसची बटणं उलटी केली. खालची पट्टी डाव्या कडेला उभी केली. पांढरा उजेड डोळ्यांना टोचतो म्हणून पडदा जरा पिवळसर केला. मग कळंब्याच्या तलावाकाठी उभ्या असलेल्या संयोगिताचा फोटो लावला आणि तिच्या अंगावर एकही आयकॉन येऊ नये म्हणून सगळे आयकॉन एका बाजूला सारले.

"माझा फोटो कशाला? गिऱ्हाइकं येतात की इथं," ती म्हणायची.

"येऊ देत. तुला बघून घासाघीस तरी कमी करतील."

लग्नपत्रिकेत तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात. ते त्यानं माझ्या कीबोर्डच्या वरच्या ओळीत वाटून दिले. एक बटण दाबलं की 'आमचे येथे श्रीकृपेकरून', दुसरं दाबलं की 'चि. सौ. कां.'. 'कै.' त्यांच्या शेजारीच होतं. एकदा घाईत ते एका नवरदेवाच्या मामांच्या नावाआधी लागलं, आणि पत्रिका वाटूनही झाल्या. दुसऱ्या दिवशी मामा स्वतःच पत्रिका घेऊन दारात उभे.

"पावणं, मी हाय अजून. लग्नाला येऊ का नको, तेवढं सांगा."

कृष्णातनं त्यांना चहा पाजला, पत्रिका पुन्हा छापून दिल्या आणि 'कै.' तिथून उचलून ओळीच्या अगदी उजव्या टोकाला नेऊन ठेवलं, त्याच्या डाव्या हातापासून सगळ्यात लांब. पुढं संयोगिता मदतीला बसू लागली तेव्हा त्यानं तिला बजावलं, "ह्या बटणाला हात लावायच्या आधी थांबायचं. घरच्यांना दोनदा विचारायचं. मगच दाबायचं."

दर खंडेनवमीला मला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळायचं. त्या दिवशी मला सुट्टी असे. बाकी दिवस आम्ही दोघं कामात.

बारावं झाल्यावर शालूबाई आल्या. अर्धी राहिलेली पत्रिका दुसरीकडून करून घेऊ का, असं त्यांनी अवघडत विचारलं. मीच पुरी करते, असं संयोगिता म्हणाली. पण एकटीनं बसल्यावर तिचा उजवा हात दाबायचा एक आणि उघडायचं भलतंच. आधी असं झालं की कृष्णात शेजारून हात पुढं करायचा. आता कोण करणार? तिनं आकारामला बोलावलं.

तो माझ्यापुढं बसला आणि मान हलवू लागला. "वैनी, दादानं समदं उलटंपालटं करून ठेवलंय. दुकानातनं आल्तं तसं करून देतो. मग तुमास्नी सोपं जाईल."

त्यानं एकेक करत शेवटची खिडकी उघडली. सगळ्या सेटिंग पुसल्या जातील, पुढे जायचं का, असं मी विचारलं. मला फक्त विचारता येतं. उत्तर माणसांनी द्यायचं असतं.

"भावजी, माऊस तेवढा सरळ करा," संयोगिता म्हणाली. "बाकीचं राहू दे."

"जमायचं न्हाई तुमास्नी."

"जमंल."

आकारामनं 'नाही' दाबलं आणि माऊसची बटणं तेवढी सरळ केली. बाकी मी आहे तसा राहिलो.

दुसऱ्या दिवशी शालूबाई शेजारी बसून नावं सांगत गेल्या. एक जरी पाहुणा राहिला तर मांडवात रुसवा, म्हणून त्या बोटांवर मोजत होत्या. त्यांच्या सासऱ्यांचं नाव आलं. संयोगिता थांबली, तिनं दोनदा विचारलं, मग टोकाचं बटण दाबलं. पत्रिका पुरी झाली. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आपोआप येते, 'अक्षरजुळणी: कृष्णात चौगुले'. तीही आली.

शालूबाई त्या ओळीकडं बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, आता ह्याच्या आधी ते लावाय पायजे न्हवं?"

संयोगिताचं बोट टोकापर्यंत गेलं. मला त्या बटणावर त्याचं वजन जाणवलं, दाब नाही.

"आधी थांबायचं, असं सांगितलंय त्यांनी," ती म्हणाली आणि तिनं हात मांडीवर घेतला.

आता बरेच दिवस झाले. तिनं अक्षरं मोठी केली आहेत, पिवळा उजेड काढून टाकला आहे. तिचे डोळे वेगळे, तिचा हात वेगळा. मला त्याचं वाईट वाटत नाही. पट्टी मात्र डावीकडंच उभी आहे, आणि तलावाकाठच्या फोटोवर अजून एकही आयकॉन नाही. आलेल्या माणसांना माझी एकच विनवणी आहे, तिला घाई करू नका. गावात पत्रिका जातात आणि प्रत्येकीच्या तळाशी त्याचं नाव जातं. त्या नावाआधी 'कै.' लावायचं अजून राहिलं आहे.