नऊ नंबरची होडी

आमच्या धक्क्यावर होड्या आठच होत्या. नववी कधीच नव्हती. तरी मोसमात रोज संध्याकाळी बाबा पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून तिलाच हाक मारायचे. "नऊ नंबर! तुमची वेळ संपलीये. परत या."

तलावावर आलेली माणसं स्वतःचा नंबर पुकारलेला ऐकत नाहीत, हे बाबांना धंद्याच्या पहिल्याच वर्षी कळलं. तीन नंबरला बोलावलं की तीन नंबरवाले धक्क्याकडे पाठ करून बसतात आणि बाप मुलांना म्हणतो, अजून एक चक्कर मारू, ओरडू दे त्याला. पण दुसऱ्याच कुणाला हाक मारली, की सगळे माना वळवून बघतात, कोण हे निर्लज्ज लोक. मग आपापल्या घड्याळात बघतात. मग मुकाट्याने वल्ही हातात घेतात. नऊ नंबरला दोनदा हाक दिली की आठही होड्या धक्क्याच्या वाटेला लागलेल्या असत. एकदा एका गृहस्थाने उतरता उतरता बाबांना बजावलं होतं, "त्या नऊवाल्यांकडून दंड घेत जा. असल्या लोकांमुळेच शिस्त बिघडते." बाबा तोंडावरची रेषही न हलवता म्हणाले, "त्यांना सांगून उपयोग नाही साहेब. ते कुणाचं ऐकत नाहीत." हा किस्सा आमच्या घरी इतक्यांदा सांगितला गेला की पुढे शेवटचं वाक्य बाबांनी म्हणायच्या आधी आम्हीच म्हणायचो.

ज्या गावात लोक सुट्टीला येतात, त्या गावातल्या मुलांच्या वाट्याला सुट्टी येत नाही. आई तिकिटाच्या खिडकीत, बाबा धक्क्यावर आणि मी ओली लाइफ जॅकेटं दोरीवर वाळत घालायला. दुसऱ्यांची मुलं बदकांना ब्रेड टाकायची, तट्टावर बसून काठाकाठाने फिरायची, बापाच्या खांद्यावर चढून डोंगर बघायची, आईस्क्रीम पडलं म्हणून भोकाड पसरायची. हे सगळं मी जॅकेटांच्या फटीतून पाहिलं. हेवा वाटला नाही असं नाही, पण फार नाही. कारण आमच्याकडे नऊ नंबर होती.

जेवताना आई विचारायची, "आले का हो नऊवाले?"

"कुठले येतायत. बेटाजवळ अडकून पडलेत. साहेबांचं आणि बाईंचं वाजलंय."

"कशावरून आता?"

"ती म्हणते डावीकडे वळव. तो म्हणतो, मी इतका वेळ डावीकडेच वळवतोय."

"बरोबर आहे तिचं," आई म्हणायची. "काही पुरुषांना डावं-उजवं शेवटपर्यंत कळत नाही."

"आणि मुलगी?" हा प्रश्न माझा.

"मुलगी काय, वल्हं मारतेय बिचारी. तिच्याच जिवावर चाललीये होडी."

त्या मुलीला सगळं करायला मिळायचं. ती बेटावर उतरली, तिला बगळ्याचं पीस सापडलं, धुक्यात तिची होडी हरवली आणि बदकांच्या मागे मागे जाऊन तिने वाट काढली. ती माझ्याच वयाची होती आणि दर वर्षी माझ्याबरोबर मोठी होत होती. मी पुढे शिकायला शहरात गेले, लग्न झालं, दोन मुलं झाली, तरी फोनवर बाबा शेवटी सांगायचे, "नऊवाले अजून आले नाहीत हं." म्हणजे सगळं ठीक आहे.

बाबा हिवाळ्यात गेले. शेवटच्या आठवड्यात मी मुलांना भेटायला नेलं होतं. धाकटीला आम्ही भुंगा म्हणतो, कारण एखादा प्रश्न घेऊन ती मागे लागली की सुटका नसते. पाच वर्षांची आहे. घरात कुणाच्या तरी तोंडून ‘आजोबा आता जाणार’ असं तिने ऐकलं होतं. ती पलंगाच्या दांडीला हनुवटी टेकवून म्हणाली, "आजोबा, तुम्ही कुठे जाणार आहात?"

बाबांनी बोलायला पुरेसा श्वास गोळा केला. "नऊ नंबरमध्ये एक जागा झालीये."

ते तिला हसवायला म्हणाले होते. ती हसली नाही. तिने समजूतदारपणे मान हलवली, जणू आजोबांना गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली होती.

नंतर ती रडली नाही. लहान आहे, कळत नाही, असं येणारे-जाणारे म्हणाले. मीही तेच धरून चालले.

उन्हाळ्यात आईने धक्का पुन्हा उघडला. नको म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. ती म्हणाली, "घरात बसून भिंतींशी काय बोलू?" मी रजा टाकून मुलांना घेऊन गेले. मनात होतं, मुलांना एकदा सगळं करू द्यायचं. तट्टू, टेकडीवरची दुर्बीण, बदकं, काठावर बसून चपटे दगड पाण्यावरून उडवणं. थोरल्याने सगळं केलं, दोन-दोनदा केलं. भुंगाने फक्त बदकांना ब्रेड टाकला, तोही बदकं धक्क्यापाशी आली तेव्हाच. पहिल्या सकाळी ती धक्क्याच्या टोकाला गेली, बाबांची बसायची बादली उलटी करून तिच्यावर बसली आणि तिथून हलेना.

"काय बघतेस गं?" मी विचारलं.

"आजोबांची वाट."

माझ्या हातात तिची टोपी होती. ती मी तिच्या डोक्यावर ठेवली आणि जॅकेटं मोजायला गेले. मोजायची काही गरज नव्हती.

रोज तेच होऊ लागलं. दुपारच्या सँडविचमधलं अर्धं ती कागदात गुंडाळून खिशात ठेवायची. आजोबांना भूक लागली असेल म्हणून. संध्याकाळी ते वाळलेलं अर्धं बदकांना जायचं आणि दुसऱ्या दिवशी नवं खिशात. थोरल्याला हे बघवेना. तो अकरा वर्षांचा, त्याला सगळं माहीत.

"अगं वेडे, नऊ नंबर नाहीच आहे. होड्या मोज बघू."

"मोजल्या. आठ आहेत."

"मग?"

"मग नऊ बाहेर आहे. म्हणून तर इथे दिसत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत ‘आता तू बोल’ होतं. मी म्हटलं, "चल, दुर्बिणीला रांग नाहीये आत्ता."

त्या दिवशी मी खिडकीच्या आत आईजवळ जाऊन बसले. "तू सांग ना तिला. तुझं ऐकेल."

आई सुटे पैसे लावत होती. "मुलगी तुझी आहे."

"नवरा तुझा होता."

आईने हातातलं नाणं चळतीवर ठेवलं. "सकाळी खिडकी उघडते ना, तेव्हा मीही आधी तिकडेच बघते. वयाने मोठी आहे म्हणून बोलत नाही, इतकंच. मी कुठल्या तोंडाने सांगू तिला?"

कर्णा तिच्या मागे खिळ्याला टांगलेला होता. आत धूळ जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडात जुना पंचा कोंबलेला. बाबा गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. होड्या आता काका बोलवायचे. काका म्हणजे बाबांचे सुरुवातीपासूनचे जोडीदार, दोर आणि गाठी त्यांच्याकडे. ते शिट्टी वाजवायचे आणि खरे नंबर पुकारायचे, आणि अर्थातच कुणी ऐकायचं नाही. शेवटची होडी अंधार पडताना यायची. नऊला हाक मारायचं त्यांच्या मनात आलं नसेल असं नाही. पण दुसऱ्याचं जेवणाचं ताट माणूस ओढून घेत नाही, तसं ते राहिलं होतं.

शेवटच्या संध्याकाळी मी भुंगाला सांगितलं, उद्या सकाळची बस आहे, चल, बॅग भरू.

"मी नाही येणार."

"दादा येतोय, मी येतेय. तू एकटी काय करणार?"

"आजोबा आले आणि इथे कुणीच नसलं तर?"

"आजी आहे ना."

"आजी खिडकीत असते. तिला दोर बांधता येत नाही." तिने चपला काढून बादलीखाली सरकवल्या होत्या, म्हणजे कुणी तिला न्यायला नको. "वेळ संपली की सगळ्यांना यावं लागतं. तूच सांगतेस लोकांना."

तेवढ्यात वारा सुटला. डोंगराकडून येणारा संध्याकाळचा वारा आमच्या ओळखीचा आहे. तो आधी पाणी काळं करतो आणि मग होड्या बेटाकडे ढकलतो. आठही होड्या बाहेर होत्या आणि जवळजवळ प्रत्येकीत मुलं. काकांनी शिट्टी फुंकली. "पाच नंबर! दोन नंबर! चला, चला!" एका होडीतून कुणीतरी हात हलवून दाखवला, जसा ओळखीच्या माणसाला दाखवतात. काकांचा आवाज बसला. ते खोकत वाकले.

"काका चुकीचं बोलावतायत," भुंगा म्हणाली. "नऊला बोलवा."

काकांनी खिडकीकडे पाहिलं. आई बाहेर आली होती. ती परत आत गेली, खिळ्यावरून कर्णा काढला, पंचा ओढून बाहेर टाकला आणि कर्णा काकांना न देता माझ्यापुढे धरला.

"माझा आवाज नाही निघायचा," ती म्हणाली.

पत्र्याच्या कडेला बाबांच्या दाढीने घासून एक गुळगुळीत जागा झाली होती. तिथे माझं तोंड लागलं. पहिला शब्द नुसताच हवेसारखा निघाला. मग आवाज आला, माझाच, पण ओळख नसलेला.

"नऊ नंबर! तुमची वेळ संपलीये. परत या."

पाण्यावर माना वळल्या. एका बाईने कपाळावर हात धरून लांबवर पाहिलं. मग कुणीतरी मनगट उचललं. मी पुन्हा हाक मारली. दोन नंबर वळली, पाच नंबर वळली, आणि एकेक करून सगळ्या वाऱ्याशी झोंबत धक्क्याकडे येऊ लागल्या. काका दोर झेलत होते, थोरला मुलांना हात देऊन उतरवत होता. भुंगा बादलीवर उभी राहिली. प्रत्येक होडी बांधली की ती हाताचं एक बोट मिटत होती. आठवं बोट मिटलं तेव्हा तलावावर काही उरलं नाही. बेटापर्यंत नुसतं पाणी.

"अजून एकदा," ती म्हणाली.

मी अजून एकदा हाक मारली. आम्ही दोघींनी वाट पाहिली. खरंच पाहिली, मीसुद्धा.

"नाही येणार ना?"

"नाही," मी म्हटलं. बाबा गेल्यावर इतक्या महिन्यांत मी इतक्या लोकांशी बोलले होते, पण हा शब्द पहिल्यांदा उच्चारला.

"उद्या?"

"उद्यापण नाही. कधीच नाही, भुंगा."

तिने विचार केला. तिची हनुवटी हलायला लागली होती, पण प्रश्न शिल्लक होता आणि प्रश्न शिल्लक असताना ती रडत नाही. "मग तू हाक कशाला मारलीस?"

"बाकीचे यावेत म्हणून."

ती धक्क्यावरच्या गर्दीकडे बघत राहिली. एक बाप झोपलेल्या मुलाला खांद्यावर टाकून जॅकेटाच्या क्लिपा सोडवत होता. मघाची ती कपाळावर हात धरलेली बाई आमच्या शेजारून जाता जाता थांबली. "ते नऊवाले अजून आले नाहीत वाटतं? एवढा वारा सुटलाय. कमाल आहे बाई या लोकांची."

भुंगाने नाक वर ओढलं. "त्यांना सांगून उपयोग नाही," ती म्हणाली. "ते कुणाचं ऐकत नाहीत."

बाई हसून गेली. आणि मग भुंगा रडली. हिवाळ्यापासूनचं सगळं रडली, माझ्या मानेत तोंड खुपसून, आवाज न दाबता. आई आमच्याजवळ येऊन धक्क्यावर बसली. तिने भुंगाच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि उघडली. बदकं जवळ सरकली. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या वाळलेल्या अर्ध्या सँडविचचे चार तुकडे केले. एक तिने स्वतः तोंडात टाकला.

थोरला आला. त्याने बादलीखालून चपला काढल्या, एकमेकींवर आपटून झटकल्या आणि बहिणीच्या पायांपाशी नीट ठेवल्या. मग आपला तुकडा घेऊन तोही खाली बसला.