बादलीतला नाश्ता

मला गाडी लागते. अशी तशी नाही, दणकून लागते. घरापासून दुसरं वळण आलं की बाबा न विचारताच पुढच्या कप्प्यातली पिशवी मागे देतात. त्यामुळे दहावीनंतर सायन्स घेऊन मी पुढे विद्यापीठात समुद्रविज्ञान शिकणार, असं जाहीर केल्यावर घरात जो हशा पिकला, तो शेजाऱ्यांनीही ऐकला असणार.

"अगं, तू बसमध्ये तग धरत नाहीस!" आई म्हणाली.

मामाला तर आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. त्याचं हिशेबाचं ऑफिस आहे आणि तिथे माझी खुर्ची त्याने मनात कधीच मांडून ठेवलीय. "माझं ऑफिस हलत नाही हं," तो म्हणाला.

शेवटी बाबांनी तोड काढली. माझी मावसबहीण, ताई, विद्यापीठात हेच शिकते. तिच्या वर्गाबरोबर मी एक दिवस बोटीवर जायचं. परत येऊनही "हेच शिकणार" म्हणाले तर सायन्स, नाहीतर मामाची खुर्ची.

"कबूल!"

बंदरातून बाहेर पडेपर्यंत मी राणी होते. नंतर कठड्याला लटकलेलं फडकं.

"खाली जाऊन आडवी होतेस?" ताईने पाठीवरून हात फिरवत विचारलं.

"मुळीच नाही." आडवी झाले असते तर उठले असते ती थेट मामाच्या खुर्चीत.

मग बोट थांबली. थांबलेली बोट चालत्या बोटीपेक्षा जास्त डोलते, हे मला कुणी म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं! ताईच्या प्राध्यापक बाईंनी दोरी बांधलेली बादली माझ्यापुढे धरली. "पाहुणीबाई, वरचं पाणी काढा बघू."

मी काढलं. बाटली आधी त्याच पाण्याने विसळायची, मग भरायची. विसळली, भरली, झाकण लावलं. अगदी ऐटीत! आणि मग कठड्याकडे लक्ष गेलं.

बोट थांबल्या थांबल्या मी याच बाजूला लटकले होते.

गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण या पाण्यात काय काय जगतं, ते ताई सूक्ष्मदर्शकातून बघणार होती.

"बाई, हे फेकायला हवं."

"का गं?"

"यात समुद्र कमी आणि माझा नाश्ता जास्त आहे."

बाईंच्या हसण्याने बोट आणखीच डोलली असावी. "वारा जिकडे जातो तिकडे ओकायचं," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आणि पाणी दुसऱ्या बाजूने घ्यायचं. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. फक्त मी बोलले नाही. त्या बाटलीवर सगळ्यांनी महिनाभर डोकं फोडलं!"

"मग मी परत काढू?"

"तू नाही तर कोण काढणार?"

बादली धुतली, पलीकडे नेली, पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. मध्येच एकदा धावत अलीकडे येऊन गेले. योग्य बाजूला!

धक्क्यावर बाबा उभे होते. माझा अवतार बघून म्हणाले, "कितीदा?"

"मोजणं सोडून दिलं."

"मग मामाला काय कळवू?"

"खुर्ची विकून टाक म्हणावं."

गाडीत त्यांनी सवयीने पिशवी पुढे केली. मी तिची घडी घालून ती खिशात टाकली. "ही पुढच्या बोटीला."

दुसऱ्या वळणावर ती उघडावी लागलीच. पण तोवर बाबा विचारत होते, "त्या विद्यापीठाला घरापासून बस आहे का गं?"